घामेजलेलं लोखंड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आणि सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय? एका टाकीचा रंग उडाला, एवढंच. लोक केव्हाच विसरले.

चिंचवडजवळ एका नव्या कारखान्याची लोखंडी पाण्याची टाकी उभी राहत होती. रंगकामावर मी मुकादम. हाताखाली चार रंगारी. त्यांतला सगळ्यात जाणता तळवड्याचा भिकू. पवनेकाठची थंडी तुम्हाला ठाऊक असेल — नऊ वाजले तरी धुकं हटत नाही, पत्र्यावर दव धरतं. अशा ओलीवर रंग मारला तर तो लोखंडाला धरतच नाही. म्हणून भिकू रोज मनगटाची आतली बाजू पत्र्याला लावून बघायचा. तो ‘हं’ म्हणाला की डबे उघडायचे, असा आमचा रिवाज.

त्या दिवशी मोठे साहेब दुपारी यायचे होते. अस्तराचा, म्हणजे रंगाचा पहिला, हात तोवर पुरा दिसायला हवा होता — माझी शाबासकी त्यात होती. भिकूनं मनगट लावलं, मान हलवली. “न्हाई मुकादम. लोखंड घामेजलंय. उन्हं चढू द्या.”

“रंगारी आहेस की जोशी? मुहूर्त कसले काढतोस?” मी म्हणालो. बाकीचे हसले. मग मी रॉकेल मागवलं, चिंध्या भिजवून पत्रा पुसून घ्यायला लावला. दव निघतं, पत्रा कोरडा दिसतो — पण मागं तेलकट थर राहतो. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं.

पावसाळ्यात पोपडे सुटले. नख लावलं की हातभर पापुद्रा निघायचा, खाली गंज. पापुद्र्याची आतली बाजू तेलकट बघून साहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. रॉकेल कुणी लावलं?

मी शेजारच्या भिकूकडे बोट केलं. “यानं. मला न विचारता.”

किती सहज म्हणालो! बाकीचे तिघे खाली बघत राहिले. त्यांची हजेरी माझ्या हातात होती. भिकूनं माझ्याकडे पाहिलं — मी शब्द मागं घेईन म्हणून थांबला असावा. आणि मी बोललोच: “ही माणसं आळशी झालीत, साहेब.”

त्याच दिवशी त्याला काढलं. आसपासच्या कुठल्याच कामावर मग त्याला कुणी ब्रश धरू दिला नाही. तो दगडखाणीवर गेला.

वर्षभरानं चिंचवडच्या बाजारात समोर आला. बोटं फुटलेली. “रामराम, मुकादम.” आणि मी विचारलं — होय, हेच विचारलं — “काय भिकू, बरं चाललंय ना?”

“व्हय, चाललंय.”

चारचौघांत त्यानं तोंड उघडलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. खोटं बोललो त्याहून त्या हायसं वाटण्याची मला जास्त शिसारी येते. असला माणूस मी. पुढं सुपरवायझरही झालो.

साहेब अजून त्याच कचेरीत बसतात. भिकू तळवड्यातच आहे. रॉकेल मी लावायला लावलं आणि भिकू नको म्हणत होता — एवढं मला साहेबांसमोर, भिकूच्या देखत सांगायचं आहे. सात वर्षं झाली. अजून सांगितलेलं नाही.