दारात बसलेलं शिसं

चिंचवडला बॅटरीच्या कारखान्यात आम्ही शिशाच्या जाळ्या ओतायचो. शिशाची धूळ पोटात राहू नये म्हणून कंपनी रोज गुळाचा खडा द्यायची. पलीकडच्या खात्यातला एक माणूस खडा घेण्याआधी कोपरापर्यंत साबण लावायचा, नखंसुद्धा काडीनं कोरायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्याला डिवचलं, "काय राव, सोवळं पाळता का?"

तो हात निथळवत म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय, भाऊ. शिसं आन् लोह पोटातनं रक्तात एकाच दारानं शिरत्यात. शिसं दारात बसलं, की लोह भाईर. मग कितीबी गूळ खा, अंगी लागत न्हाई."

माझं हसू गेलं. बायकोच्या अंगात रक्त कमी, म्हणून मी माझा खडा खातच नव्हतो. त्याच धुळीच्या हातानं खिशात टाकून घरी न्यायचो. ती तो पुरवून पुरवून खायची.

दुसऱ्या दिवसापासून मी हात धुवायचो, खडा कागदात बांधून न्यायचो. तिला कारण सांगितलं नाही.

आता ती नाही. त्या माणसाला एवढंच विचारायचं राहिलं, की आधीच दारात बसलेलं शिसं पुन्हा उठतं का.