गव्हावर ज्वारी

चाळिशी जवळ आली तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं की, यापुढे आयुष्यभर गहू खायचा नाही.

त्याआधी बराच काळ मी नुसती वाळत चालले होते. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासायचं काम मी करते. काम उभ्यानं. दुपारनंतर पाय गळून जायचे, पोट तट्ट फुगायचं, आणि जेवलेलं अंगाला लागायचंच नाही. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या झाल्या, जंतांचं औषध झालं, कुणी म्हणालं ॲसिडिटी, कुणी म्हणालं टेन्शन. शेवटी नगरमधल्या एका डॉक्टरांनी रक्ताची निराळी तपासणी केली, दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "गव्हात एक चिकट द्रव्य असतं, ग्लूटेन. ते तुमच्या आतड्याला सोसत नाही. यावर औषध नाही. गहू बंद, हेच औषध."

"बंद म्हणजे कमी करायचा ना?"

"बंद म्हणजे बंद. चपाती, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, टोस्ट. चिमूटभरसुद्धा नको."

दवाखान्याबाहेर येऊन नवऱ्यानं गाडीला किक मारली आणि पुन्हा बंद केली. मी रडत होते. आजार फार मोठा होता म्हणून नाही. मला त्या क्षणी फक्त फोडणीची चपाती आठवत होती. संध्याकाळी कामावरून आल्यावर सकाळच्या उरलेल्या चपात्या कुस्करायच्या, कांदा-मिरची-कढीपत्त्याची फोडणी, वरून दाण्याचा कूट आणि लिंबू. लग्नाआधी आई करायची, नंतर मी करायला लागले. कितीही थकलेली असले तरी त्या बशीनं मला बरं वाटायचं.

नवऱ्यानं मला समजावलं वगैरे नाही. तो बोलणारा माणूसच नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यानं नवा तवा, नवी परात आणि नवं उलथनं आणलं, ओट्याच्या एका बाजूला मांडलं आणि म्हणाला, "ही बाजू तुझी. इथं गहू येणार नाही." मग काही दिवसांनी त्यानं गव्हाचा डबाच रिकामा केला आणि आमच्या घरात चपाती होणं थांबलं. मी कितीदा तरी म्हटलं, तुमची चपाती मी वेगळी करते. तो म्हणाला, "मला भाकरी आवडते." हे खोटं होतं. भाकरी त्याला फक्त हुरड्याच्या दिवसांत आठवायची. पण तो खात राहिला. पुढे सुट्टीच्या दिवशी स्वतः थापायलाही शिकला. त्याच्या पहिल्या भाकऱ्या परातीतून तव्यावर जाईपर्यंत तुटायच्या. मी त्या तुटक्या भाकऱ्या कुस्करल्या, फोडणीला टाकल्या, थोडं ताक शिंपडलं. चपातीसारखी ती लागली नाही. पण खरपूस लागली, आणि पोट फुगलं नाही. मी बशी चाटूनपुसून खाल्ली.

वजन हळूहळू वाढायला लागलं. तोंडावर रंग आला. अडचण एकच होती. काष्टीला सासरी जाऊन आलं की मी पुन्हा आजारी पडायची.

काष्टीला माझ्या सासूबाई असतात, दीर-जावेजवळ. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांना माझा आजार पटवून द्यायला वेळ लागला होता, पण एकदा पटल्यावर त्या माझ्यासाठी शाळूच्या, म्हणजे ज्वारीच्या भाकरीशिवाय काही करत नसत. तरी परत येताना गाडीतच पोटात कळ यायची. एकदा तर त्यांच्या ओसरीतच मला उलट्या सुरू झाल्या. आत्या पाणी घेऊन आल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि मी जरा सावरल्यावर पडेल आवाजात म्हणाल्या, "माज्याच हातचं बाधतंय व्हय गं तुला?"

"तसं नाही हो आत्या," मी म्हटलं. त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या नीट जेवल्याही नाहीत.

पुढच्या वेळी त्यांनी दळणाचा डबा माझ्यापुढे ठेवला. "चल माज्यासंगं. तुज्या डोळ्यादेखत दळून आनू. मंग मी करीन आन् तू बघशील."

आम्ही दोघी गिरणीत गेलो. बाजाराच्या आदल्या दिवसाची गर्दी होती. गिरणीवाले काका पिठानं पांढरे झालेले. कुणाचे तरी गहू नुकतेच संपले होते. आमचा डबा उचलून त्यांनी आत्यांना सहज विचारलं, "काकी, गव्हावर टाकू का जवारी? का थांबता जरा, मागून जवारीवालं कोन आलं तर त्यावर टाकतो?"

रोजचाच प्रश्न. आपण सगळ्याच बायका तो ऐकत आलोय. आधीच्याचं पीठ चक्कीत राहतं, ते आपल्या पिठात येतं, म्हणून तर थांबायचं असतं. पण त्या दिवशी आत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे.

"थांबा!" आत्या एवढ्या जोरात ओरडल्या की काकांनी डबा खालीच ठेवला. "टाकू नगा! आवो, हिला गहू इख हाय, इख! आन् मी इतके दिस गव्हावरच दळून हिला घालतीया!"

मग त्या गिरणीच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी शेजारी बसले. गिरणीवाले काका बावरून विचारत होते, काय झालं, कुणाला लागलं का. आत्या माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "माजा हात न्हवता गं. पीठ हुतं. पीठ हुतं ते."

आम्ही दोघी पिठानं भरलेल्या त्या पायरीवर हसायला लागलो, रडणं अर्धवट सोडून.

घरी नगरमध्येही मी गिरणीतूनच दळून आणत होते, फक्त आमचा गिरणीवाला सकाळी ज्वारी आणि दुपारनंतर गहू लावायचा, म्हणून बचावले होते. नवऱ्यानं त्या महिन्यात घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधी पडला नाही. आता काष्टीचं भाकरीचं पीठही आमच्याकडून दळून जातं. पुढे कळलं की हिंगाच्या डबीतसुद्धा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मग आत्यांनी माझ्या आमटीतून हिंग काढून लसूण वाढवला.

त्याच सुमारास आत्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी भात, बटाटा, साबुदाणा कमी करायला सांगितलं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी मलाच फोन केला. "आता मला तुजं कळलं," त्या म्हणाल्या. आत्यांचा जीव बटाट्याच्या किसावर. दर एकादशीला तो ठरलेला. मी सुट्टी काढून गेले आणि त्यांच्या चुलीवर लाल भोपळ्याचा कीस केला. जिरं, हिरवी मिरची, दाण्याचा कूट, शेवटी लिंबू. कीस मोकळा राहावा म्हणून झाकण ठेवलं नाही. आत्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला.

"बटाटा न्हाई ह्यो," त्या म्हणाल्या.

"नाहीच."

"पर वाईट न्हाई." आणि ताट पुढे केलं. "वाढ आनखी."

तेव्हापासून दोघींना चालेल ते करून बघणं सुरू झालं. नाश्त्याला पोह्यांऐवजी भिजवलेल्या मुगाची धिरडी. त्यांची हुलग्याची शेंगोळी मला आधीपासून आवडायची. पीठ मिळून यावं म्हणून त्या त्यात मूठभर कणीक घालायच्या. ती त्यांनी बंद केली आणि नुसत्या हुलग्याच्या पिठाला गरम पाणी लावून वळायला लागल्या. लसूण-मिरचीच्या पाण्यात ती शेंगोळी रटरटताना मला शेवयांची कमतरता खरंच जाणवत नाही. त्यांची साखर आटोक्यात राहायला लागली. फोनवर त्या आधी स्वतःचा आकडा सांगतात, मग माझं वजन विचारतात.

होळीला मात्र मी धास्तावले होते. घरात पुरणपोळी होणार, आणि मी आपली भाकरी घेऊन कोपऱ्यात बसणार. गेल्या गेल्या आत्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. शाळूच्या पिठाची उकड काढलेली होती, पुरण वाटून तयार. त्यांनी आणि जाऊबाईंनी आधीच खटपट करून पाहिली होती. नेहमीसारखं पुरण भरून लाटलं की पोळी फाटायची, तव्याला चिकटायची. मग जाऊबाईंना सुचलं की उकडीच्या दोन पातळ पाऱ्या थापायच्या, मधे पुरण पसरायचं आणि कडा बोटांनी दाबून घ्यायच्या. जाड होते, पण राहते.

पानं मांडली. मी माझं पान बाजूला घ्यायला लागले तर आत्या म्हणाल्या, "तिकडं कुठं? सगळ्यांना ह्याच पोळ्या हायेत."

दिरांनी ताटाकडे पाहिलं. "आज गव्हाच्या न्हाईत?"

"न्हाईत," आत्या म्हणाल्या. "खायाच्या तर खा."

दीर हसले आणि खायला बसले. दुधात कुस्करून, तूप घालून सगळ्यांनी खाल्ल्या. आत्यांनी स्वतः अर्धीच घेतली आणि वाटीभर कटाची आमटी प्याल्या. मी आणखी एक पोळी मागून घेतली.

मागच्या लग्नसराईत राहुरीकडे नात्यातलं एक लग्न होतं. मांडवात बुंदी, पुरी, मसालेभात. मी घरून खाऊनच निघाले होते. पंगत बसायला लागली तशा आत्या माझ्याजवळ आल्या, पिशवीतून डबा काढला. मुगाची धिरडी, लसणाची चटणी, गवारीची सुकी भाजी. वाढणाऱ्यानं आमच्यापुढे पुऱ्या धरल्या तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"आमाला नगं. आमी दोगी आमचं घेऊन आलोय."

शेजारच्या बाईनं विचारलं, "उपास हाय का?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक धिरडं ठेवलं. "लेक हाय माजी. तिला चालतं तेच मी खाते."

मी चटणी धिरड्याला लावली आणि जेवले. पोटभर जेवले.