गिऱ्हाईक मागच्या सीटवर

डोंगरकड्याच्या अंगणवाडीतल्या चांगुणाबाईंचा आवाज असा, की लेकरं रडायची थांबायची आणि मोठी माणसं रस्ता बदलायची. नवरा जळबा स्वभावानं गरीब. तो मोटरसायकल चालवायचा आणि चांगुणाबाई मागं बसून त्याला चालवायच्या. दोनदा त्यांचा पदर चाकात गेला, एकदा त्या स्वतःच कालव्याच्या चारीत गेल्या. जळबाला ते बरंच पुढं गेल्यावर कळलं, मागून शिव्या येईनाशा झाल्या तेव्हा.

२००१ साली वसमतला तातेरावांनी मोटरसायकलींचं नवं शोरूम काढलं. ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून उद्घाटनाला जळबालाही जोडीनं आवतण होतं. पुण्याहून कंपनीचे मोठे साहेब आले होते. गाड्या बनवणाऱ्यांच्या संघटनेचे ते पुढारी. भाषणात म्हणाले, "मागं आडवं बसणाऱ्या बायकांना दोन्ही पाय टेकायला लांब फूटरेस्ट सक्तीचा करायचं सरकारच्या मनात होतं. आम्ही दिल्लीत जाऊन सांगितलं, गिऱ्हाईकाला नको आहे. नियम बारगळला!" टाळ्या पडल्या. तातेरावांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

चांगुणाबाई जिलबीची प्लेट खाली ठेवून उठल्या. "साहेब, गिऱ्हाईक म्हंजे कोन? म्होरं बसतो त्यो, का मागं बसती ती?"

"दोघंही, ताई."

"मंग मला कवा इचारलं? तुमी तरी बसलात का कधी मागं, दोनी पाय एकीकडं टाकून?"

तातेराव घाईनं मधे पडले. "बाई, जिलबी घ्या अजून."

पण साहेब हौशी निघाले. की फोटोवाला समोर होता म्हणून, कोण जाणे. सुटाबुटात जळबाच्या मागं आडवे बसले. जळबानं बायकोकडं पाहिलं.

"न्या बराबर. रोज मला नेता तसं."

बसस्टँडपर्यंतच्या खड्ड्यांत साहेबांनी आधी सीट धरली, मग जळबाचा खांदा, मग पोट. परत आले तेव्हा एका पायात बूट नव्हता आणि टाय पाठीवर होता. "विचार करू," एवढंच पुटपुटले आणि आपल्या चारचाकीत जाऊन बसले.

तीन वर्षांनी नव्या मॉडेलला लांब फूटरेस्ट आला. तातेराव म्हणायचे, खप वाढावा म्हणून. चांगुणाबाईंनी औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत सांगितलं, "म्या लावाया लावला." जळबानं निमूट तीच गाडी घेतली. फूटरेस्ट लांब होता खरा, पण इतका खाली, की पहिल्याच गतिरोधकावर घासून वाकडा झाला.

चांगुणाबाई उतरल्या. वाकलेलं लोखंड पाहिलं.

"वळवा गाडी," त्या जळबाला म्हणाल्या. "तातेरावाला इचारू, त्यो साहेब आता कुटं बसतो. परत मागं बसवायचाय त्याला."