एक चमचा दही

कंपाउंडरबाईंनी दवाखान्याच्या खिडकीमागे एकतीस वर्षं काढली. पुड्या बांधायच्या, औषध मोजून बाटलीत भरायचं आणि सांगायचं, “दोन वेळा, जेवणानंतर.” एवढ्या वर्षांत एका थेंबाची चूक नाही. लोक एक वेळ डॉक्टरांवर शंका घेत, बाईंवर नाही. निवृत्तीनंतर त्यांनी तोच मोजका हात केककडे वळवला. घरीदारी केकचं नाव झालं आणि बाईंना कौतुकाची चटक लागली. चटक मेली साठीतही लागते.

खालच्या मजल्यावर धाकटे दीर आणि जाऊ राहत. दिरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचं बटर बंद केलं. दीर म्हणजे केकसाठी जीव टाकणारा माणूस. त्यांचा उतरलेला चेहरा बघून बाई म्हणाल्या, “भाऊजी, काळजी करू नका. बटरऐवजी दही घालीन. दर रविवारी तुमचे दोन तुकडे पक्के.”

पहिल्या रविवारी त्यांनी दही फडक्यात बांधून पाणी निथळू दिलं, सोडा बेताने घातला, सगळं प्रामाणिकपणे केलं. केक फुगला कमी, वरून पांढुरकाच राहिला, मध्ये जरासा चिकट लागला. दिरांनी खाल्ला आणि म्हणाले, “बरा आहे.”

बाईंच्या केकला आजवर कुणी नुसतं बरा म्हटलं नव्हतं. ते त्यांच्या फार मनाला लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी दोन चमचे बटर घातलं, तेवढ्याने काय होतंय म्हणून. त्याच्या पुढच्या रविवारी अर्धी वाटी. पाचव्या रविवारी पुरतं बटर आणि एक चमचा दही, अगदीच खोटं बोलायला नको म्हणून. “वहिनी, तुमच्या दह्यात जादू आहे,” दीर म्हणाले आणि बाई चक्क लाजल्या. पुढे ते आठवलं की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

चार महिन्यांनी दिरांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. चरबी कमी व्हायची तर उलट वाढलेली.

त्या रविवारी बाई केकची ताटली घेऊन खाली गेल्या, तेव्हा जाऊ नवऱ्याच्या पँटचे खिसे उलटे करून बघत होती.

“फिरायला जातो म्हणता आणि कुठे जाऊन चरता?”

“काही खात नाही गं. शप्पथ.”

“खोटं बोलू नका. ताई एवढा दह्याचा केक करून घालतात. त्यांची तरी लाज बाळगा.”

ओव्हन चालू राहिलाय, असं काहीतरी पुटपुटून बाई ताटलीसकट वर आल्या. त्यानंतर आठवडाभर त्या खिडकीतून बघत होत्या. दीर मान खाली घालून फिरायला निघत आणि मागे पहारेकऱ्यासारखी जाऊ. बाईंना इतकी शरम वाटायची की त्या पडद्याआड सरकत.

शनिवारी एकदाच्या त्या खाली गेल्या. “भाऊजींनी बाहेर काही खाल्लेलं नाही. केकमध्ये बटर होतं. मीच घालत होते.”

जाऊ ऐकेना. “ताई, त्यांना पाठीशी घालू नका. तुमचा हात मापाला कधी चुकलाय का?”

“वहिनी, माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलू नका,” दीर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंना वाटलं, यापेक्षा दोघांनी मिळून हाकललं असतं तर बरं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरचा दह्याचा केक केला आणि दिरांच्या पुढ्यात ठेवला. दिरांनी एक घास घेतला आणि चावता चावता थांबले.

“हा तो अगदी पहिला केक. मग मधले सगळे?”

“बटरचे.”

जावेने एक तुकडा तोंडात टाकला. मग ती नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्याकडे बघायचं टाळू लागली. दिरांनी आवाज चढवला नाही.

“वहिनी, ही माझे खिसे तपासत होती, तेव्हा तुम्ही इथेच उभ्या होतात ना?”

“होते,” बाई म्हणाल्या.