एक जानेवारीचा शिक्का

छंदी माणसाच्या घरात वस्तू साचतात आणि त्याच्या मित्राच्या डोक्यात किस्से. वस्तूंना कपाट लागतं, कपाटाला जागा लागते, जागेवरून बायकोशी भांडण होतं. किस्स्यांचं तसं नाही. ते फुकट साचतात आणि त्यांना वाळवी लागत नाही!

मी मुरुम गावाच्या पलीकडच्या आमच्या गावात सहकारी सोसायटीत क्लार्क होतो. मला कसलाच छंद नव्हता, पण ऑफिसची किल्ली माझ्याकडे होती. त्यामुळे गावातल्या चार संग्राहकांच्या मंडळात माझी बिनविरोध निवड झाली. दर एक जानेवारीला संध्याकाळी सोसायटीत बैठक भरायची. चहा मी करायचा आणि बोलायचं त्यांनी. पुढचे किस्से त्या चहाच्या बदल्यात मिळालेले आहेत.

*

मंडळाचे पुढारी जाधव गुरुजी. तिकिटं आणि टपालाचे शिक्के हा त्यांचा प्राण. त्यांनीच नियम केला, की नववर्षाच्या शुभेच्छा प्रत्येकानं प्रत्येकाला टपालानंच द्यायच्या. घरं एका हाकेवर! पण पाकिटावर एक जानेवारीचा शिक्का पाहिजे ना!

एका वर्षी नव्या वर्षाच्या सकाळी गुरुजी मला पारावर भेटले. मी हात जोडून म्हणालो, "गुरुजी, नवीन वर्षाच्या शुभेच्छा!"

गुरुजी तसेच पुढं निघाले. मला वाटलं, काही चुकलं की काय. चार पावलं पुढं जाऊन त्यांनी मागं बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या टपालात हायत. दुपारी मिळतील."

*

शिवलिंगप्पांचं किराणा दुकान, आणि छंद कॅलेंडरांचा. साखर कारखाना, बँक, दूध संघ, खतवाला, बियाणेवाला, कुणाचंही कॅलेंडर असो, ते मागून आणायचे, गुंडाळी करायचे आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. भिंतीला खिळा म्हणून नाही. टांगलं की कोपरे दुमडतात!

एकदा दुकानात कुणीतरी अमावस्या कधी आहे म्हणून विचारलं. आतून त्यांच्या मालकीणबाईंचा आवाज आला, "आमच्यात दोन पेट्या भरून कॅलेंडरं हायत. अमावस्या शेजारी इचारा!"

याच शिवलिंगप्पांनी एका नववर्षाला रज्जाकभाई शिंप्यांना मोठ्या मनानं एक कॅलेंडर भेट दिलं. रज्जाकभाईंनी कौतुकानं दुकानात लावलं. महिनाभर गिऱ्हाइकांना चुकीचे वार देऊन झाले, तेव्हा कळलं की ते गेल्या सालचं होतं.

"नवं कसं द्यायचं?" शिवलिंगप्पा म्हणाले. "त्येचं माझ्याकडं एकच हाय!"

*

रज्जाकभाई जुनी नाणी जमवायचे. निजामाच्या अमदानीतला एक चांदीचा रुपया त्यांच्या जिवापाड. चोरापासून वाचवायचा म्हणून त्यांनी तो दुकानात टांगलेल्या एका कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. शिंप्याची तिजोरी! पण कोट होता गिऱ्हाइकाचा, आणि हेच रज्जाकभाई विसरले. ज्याचा कोट, त्या पोरानं येऊन तो नेला. लग्न होतं त्याचं.

रज्जाकभाई आमंत्रण नसताना लग्नाला गेले. अक्षता पडल्या आणि त्यांनी नवरदेवाला कडकडून मिठी मारली. मग जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. प्रत्येक मिठीत पाठीवरून, कुशीवरून हात फिरायचा. लोक गहिवरले. नवरीचा बाप तर माझ्या कानात म्हणाला, "शिंपी असून केवढी माया बघा!"

शेवटी रज्जाकभाईंनी जाहीर केलं, की कोट कुशीत लई घट्ट झालाय, आत्ताच्या आत्ता उसवून देतो. नवरदेव म्हणाला, "चाचा, ढगळा हाय!"

"तुला क्या समजता रे?" रज्जाकभाई खेकसले आणि मांडवातच कात्री काढली.

*

माणिकराव शेतकरी होते आणि जुनी तांब्यापितळेची भांडी जमवायचे. हंडे, कळशा, घंगाळी, सगळं माळवदाच्या खोलीत कुलपात. हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

मग दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसायला लागले. गावात टँकर सुरू झाला आणि माणसागणिक भांडी रांगेत लागली. एका सकाळी माणिकराव पारावर आले आणि जागच्या जागी थिजले. रांगेत त्यांचा अख्खा संग्रह उभा! नक्षीचा हंडा, कमळाच्या बुडाची कळशी, सगळं ओळीनं, आणि पुढं त्यांच्या मंडळी, अनसूयावहिनी, पदर खोचून.

"अगं, जुनी भांडी हायत ती!"

"म्हणून तर गळत न्हायत," वहिनी म्हणाल्या. "व्हा बाजूला, टँकर आला."

पुढं वर्षभर त्या संग्रहानं त्यांच्या घराची आणि शेजारच्या दोन घरांची तहान भागवली. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं, आणि आजही वाटतं.

एक जानेवारीच्या बैठकीत प्रत्येकानं नव्या वर्षाचा संकल्प सांगायची पद्धत होती. त्या वर्षी माणिकरावांची पाळी आली तेव्हा आम्हाला वाटलं, छंद सोडतात आता. कप खाली ठेवून ते म्हणाले, "हिथून पुढं घेताना पाणी भरून बघणार."

*

गुरुजींचा संकल्प मात्र दर वर्षी एकच. एक जानेवारीचा, आपल्या गावच्या टपालाचा, स्वच्छ, गोल, अक्षर अन् अक्षर वाचता येईल असा एक शिक्का! त्यासाठी ते स्वतःच्या नावानंही एक पाकीट टाकायचे. कधी शिक्क्याच्या जागी नुसता काळा डाग यायचा. कधी अर्धा शिक्का पाकिटावर आणि अर्धा टेबलावर. एका वर्षी नेमका रविवार आला, तर गुरुजी दिवसभर जेवले नाहीत.

नवा पोस्टमन गंगाराम आला तेव्हा गुरुजींना आशा वाटली. गंगाराम त्यांचाच विद्यार्थी. आईबापांनी दुष्काळात तलावाच्या कामावर माती वाहून त्याला शिकवला होता. नोकरी अजून हंगामी होती. पोरगा कष्टाळू, पण हात कुदळीचा! पहिल्याच वर्षी पाकिटाला भोक पडलं.

"गंगाराम," गुरुजी कळवळून म्हणाले, "शिक्का उठवायचा असतो रे, धोपटायचा न्हाय!"

*

मग गुरुजींच्या निवृत्तीचं साल आलं. उन्हाळ्यात ते मुलाकडे लातूरला कायमचे जाणार होते. म्हणजे ही शेवटची एक जानेवारी. गंगारामनं मनावर घेतलं. रज्जाकभाईंकडून कोटाच्या जाड कापडाचा तुकडा आणून पाकिटाखाली घातला, शाई बेतानं लावली, आणि मान म्हणून सकाळी सगळ्यात आधी आमची पाकिटं मारून वाटूनही टाकली.

संध्याकाळी गुरुजींनी आपलं पाकीट टेबलावर ठेवलं. आम्ही बघतच राहिलो. गोल म्हणजे गोल! गावाचं नाव, तारीख, महिना, सगळं छापल्यासारखं. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

शिवलिंगप्पा वाकून बघत होते. कॅलेंडरवाला माणूस! म्हणाले, "गुरुजी, ह्ये साल गेलेलं हाय."

खरंच. दिवस बदलला होता, महिना बदलला होता, वर्षाचा आकडा बदलायचा राहिला होता! गुरुजी ताडकन उठले. आम्हाला वाटलं, आता गंगारामचं काही खरं नाही.

"अरे, सोनं हाय सोनं!" गुरुजी ओरडले. "चुकीचा शिक्का, अन् इतका स्वच्छ! असं जन्मात एकदा घावतंय!" त्यांनी मला पेढे आणायला पिटाळलं.

पेढे घेऊन आलो तर दारात गंगाराम. चेहरा उतरलेला, हातात पोस्टाची पिशवी.

"गुरुजी, चूक झाली. भाहेरगावची टपालं थैली जायच्या आत पुन्यांदा मारली. तुमची तेवढी राह्यली. सोमवारी साहेब तपासणीला येणार हायत. मला कायम करायचं त्येंच्याच हातात हाय."

रज्जाकभाईंनी आपलं पाकीट छातीशी धरलं. माणिकराव म्हणाले, "आमी कुनाला दावत न्हाय, जा."

गंगाराम हळूच म्हणाला, "तुमी न्हाय दावणार. पर गुरुजी?"

गुरुजी एस.टी. स्टँडवर अनोळखी माणसाला थांबवून तिकिटं दाखवायचे, हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्यांना स्वतःलाही.

गुरुजींनी पाकीट उचललं, एकदा डोळे भरून बघितलं आणि टेबलावर ठेवलं. मग एकेकाकडे हात पुढं केला. आमचीही पाकिटं मुकाट त्याच्या शेजारी गेली. गंगारामनं पिशवीतून शिक्का काढला, शाई लावली आणि कापडाचा तुकडा शोधायला लागला.

"ऱ्हाऊ दे ते," गुरुजी म्हणाले. "मार."

"हळू मारू का?"

"न्हाय. तुझ्या हातानं मार."

धाड! टेबल हललं, चहाचे कप नाचले. मग आमच्या पाकिटांवरही तशीच एकेक धाड. गुरुजींनी आपलं पाकीट दिव्याजवळ नेलं, उलटसुलट केलं आणि गंगारामच्या हातात दिलं.

"बघ. साल वळखू येतंय का?"

गंगारामनं डोळे बारीक करून बघितलं. "न्हाय गुरुजी. सालच काय, गावबी वळखू येत न्हाय."

"मग झालास कायम!" गुरुजी म्हणाले. "पेढा घे."