दक्षिणेचं दार

ओल्या सिमेंटचा वास आला की लातूरचा क्लास आठवतो. वर स्लॅबचं काम, खाली आम्ही स्पर्धा परीक्षावाले. त्या दिवशी सर युरोपातला वाद शिकवत होते: सगळ्या देशांनी मिळून केलेला कायदा मोठा, की एकेका देशाची राज्यघटना? "काही देशांची कोर्टं म्हणतात, तुमचा कायदा मान्य, पण आमच्या घटनेच्या गाभ्याला हात लावायचा न्हाई." कुणाच्याच डोक्यात शिरेना. तेव्हा भूकंपात गाव पडलेली एक मैत्रीण उठली. "सर, परदेशी संस्थेनं आम्हाला घर दिलं, पण दार दक्षिणेला. बदल करायचा न्हाई, ही अट. आजोबांनी घर घेतलं अन् भिंत फोडून दार पूर्वेला काढलं." "मग घर काढून घेतलं?" सरांनी विचारलं. "न्हाई की. संस्थेचे लोक पाहायला आले, अन् त्याच दारातून आत येऊन चहा पिऊन गेले." पुढं त्या वादावरचे निकाल मी पुष्कळ वाचले, पण आजोबांच्या त्या चहापर्यंत एकही पोचत नाही.