दत्ताचा फोन गाडीला कनेक्ट व्हायचा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि आजही तो आहे असं म्हणवत नाही. परंदवडीजवळच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. मोजून बघितल्याशिवाय पार्ट पुढे सोडायचा नाही, हे माझं रोजचं काम. इथले अनुभव वाचताना मी स्वतः दहा शंका काढते, तेव्हा माझ्या अनुभवावर तुम्हीही खुशाल काढा. नावं तेवढी बदलली आहेत.

माझं माहेर वडिवळे, कामशेतच्या आत, धरणाजवळ. लग्नानंतर मी वराळ्याला राहते. माझा मोठा भाऊ दत्ता लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवायचा. त्याचा जिवलग मित्र महेश - आमच्याच आळीतला, तोही लोणावळ्यात ड्रायव्हर. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले. मी त्याला महेशदादाच म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दत्ता धरणात बुडाला. दुपारी घरातून निघाला, संध्याकाळी धरणाच्या वाटेवर फक्त त्याचा शर्ट सापडला, पाण्यात कुठल्या बाजूला उतरला ते कळेना. फोन सापडला नाही. खिशातून पाण्यात पडला असेल, असं सगळ्यांनी धरलं. महेशदादा त्या दिवशी लोणावळ्यात भाड्यावर होता. निदान त्यानं तसं सांगितलं. फोन केल्यावर धावत आला, रात्रभर लोकांबरोबर शोधत होता. "दत्त्या कायम देवळाच्या बाजूला पोहायचा," असं त्यानंच सांगितलं म्हणून सगळे तिकडे शोधत राहिले. दत्ता दुसऱ्या दिवशी भलतीकडेच सापडला.

त्यानंतर महेशदादानं आमचं घर धरून ठेवलं. आईची औषधं, भाताची लावणी, दिवाळीचा फराळ पोचवायला माझ्याकडे येणं... सगळं तोच. त्या वर्षी मी त्याला राखी बांधली. आई म्हणाली, "एक गेला, पण द्येवानं दुसरा ठिवला."

दत्ताची गाडी मी विकू दिली नाही. परमिट रद्द करून ती घरच्या वापराला घेतली. गाडीतल्या म्युझिक सिस्टीममध्ये पेअर केलेल्या फोनची यादी असते ना, त्यात माझ्या फोनच्या खाली 'दत्ता मोबाईल' हे नाव तसंच होतं. काढायला हात धजत नव्हता.

गेल्या वर्षी थंडीत आईला कामशेतला डॉक्टरकडे न्यायचं होतं. महेशदादाला बरोबर घ्यायला मी त्याच्या घरासमोर गाडी थांबवली. माझ्या फोनवरची गाणी चालू होती, ती मध्येच थांबली. स्क्रीनवर आलं - 'दत्ता मोबाईल कनेक्टेड'. मी बघेपर्यंत ते गेलं आणि गाणं पुन्हा सुरू झालं. जुन्या सिस्टीमचा घोळ असेल, म्हणून सोडून दिलं.

पुढच्या फेरीला तेच. त्याच जागी, महेशदादाच्या दारात. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नाव मेमरीत आहे म्हणून दाखवतंय. डिलीट करून टाक." मनावर दगड ठेवून केलं. तरी पुन्हा झालं. मग सोमाटणे फाट्यावरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात नेऊन सिस्टीम रिसेट केली. दुकानदारानं यादी रिकामी करून दाखवली, फक्त माझा फोन पेअर केला. "आता दुसरा कुठला फोन जोडायचा तर कोड टाकावा लागेल, मॅडम. आपोआप होणार नाही," असं म्हणाला. ब्लूटूथची रेंज किती, तेही मी विचारून घेतलं. मोकळ्या जागेत गाडीपासून थोड्याच अंतरापर्यंत, मध्ये भिंती आल्या की आणखी कमी.

पुढच्या रविवारी सकाळी आईला घेऊन मी परत महेशदादाच्या दारात. ऊन पडलेलं होतं, अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला त्याची आई मिरच्या वाळत घालत होती. महेशदादा बाहेर आला, आईच्या बाजूच्या खिडकीशी वाकला. "मावशी, चहा घेऊनच जावा की," म्हणाला. तेवढ्यात स्क्रीन बदलली. 'दत्ता मोबाईल कनेक्टेड'. आणि स्पीकरमधून दत्ताचा आवाज आला.

"धरलास का नीट? मी उडी मारतो, पुरा व्हिडिओ काढ."

मग महेशदादाचा हसरा आवाज. "दत्त्या, तिकडं नको रं. खोल हाय तितं."

पाण्याचा मोठा आवाज झाला. थोडा वेळ नुसतं हसणं. मग दत्ता ओरडला, "म्हेश... हात दे..." पुन्हा एकदा तेच, तुटक. त्यानंतर फक्त पळणाऱ्या माणसाचा श्वास. मग बंद. माझं गाणं पुन्हा सुरू झालं. मी चावी फिरवून गाडी बंद केली.

महेशदादा खिडकीला धरून तसाच उभा होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"म्हेश, तू तितं व्हतास?"

त्यानं खिडकीवरचा हात काढला.

"इचारतीया मी. व्हतास का न्हाई?"

"व्हतो, मावशी."

तो आत गेला. माळ्यावरून कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि आईच्या मांडीवर ठेवलं. दत्ताचा फोन. बॅटरी फुगून काच वर आलेली, कडेला गंज. बटण दाबून मी बघितलं. मेलेला होता.

"मला पवता येत न्हाई, मावशी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी भ्यालो. पळालो. मागनं सांगायचं धाडसच न्हाई झालं. फोन फेकून द्यावा म्हनलं, त्ये बी जमलं न्हाई."

"पळालास ते समजलं," मी म्हणाले. "मग देवळाच्या बाजूला शोधायला का लावलंस?"

तो आत जायला वळला. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "माजं चप्पल ऱ्हायलं व्हतं तितं, कुनी बी वळखलं असतं. आदी त्ये आनायचं व्हतं."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. भीतीनं माणूस पळतो, हे मी समजू शकले असते. पण माझा भाऊ पाण्यात असताना हा चपलेसाठी सगळ्या गावाला भलतीकडे फिरवत होता... आणि त्यानंतर वर्षभर आमच्या घरात बसून माझ्या आईच्या हातची भाकरी खात होता. त्याच हातावर मी राखी बांधली होती.

त्याच दिवशी तो गावातल्या दोन जाणत्या माणसांबरोबर पोलीस चौकीत गेला आणि जबाब दिला. पुढचं जे व्हायचं ते होईल. आता तो गावात राहत नाही. त्याची आई आमच्या दारावरून जाताना मान खाली घालते. तिचा यात काय दोष, हे कळतं, तरी माझ्याच्यानं तिला हाक मारवत नाही.

फोन मी तळेगावला रिपेअरिंगवाल्याकडे नेला. त्यानं दुसरी बॅटरी लावून बघितली, बोर्ड उघडून बघितला. ओलीनं बोर्ड पूर्ण गेलेला. "ताई, हा कित्येक महिन्यांत चालू झालेला नाही, आता होणारही नाही," तो म्हणाला. आतला व्हिडिओ निघाला नाही. म्हणजे आम्ही जे ऐकलं, ते आई, मी आणि महेश सोडून कुणीच ऐकलेलं नाही. गाडीची यादी पुन्हा तपासली, तर त्यात फक्त माझा फोन. त्या दिवसापासून दुसरं कुठलंही नाव स्क्रीनवर आलेलं नाही. महेशच्या घरासमोर मी मुद्दाम गाडी थांबवून बघितली आहे.

मेलेला फोन, पुसलेलं नाव, कोड न टाकता झालेलं कनेक्शन. कंपनीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना विचारलं, त्यांनी दोन-तीन तर्क सांगितले, एकही पटला नाही. इथं कुणाला पटेल असं काही सुचलं तर जरूर लिहा. मला खरंच हवं आहे.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर आईचा जीव शांत होईल. परवा वडिवळ्याला गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सुपातले खडे बाजूला काढत राहिली. मग खाली बघतच म्हणाली,

"दत्ता बोलला नसता तर बरं झालं असतं, सुजे. म्हेश तरी ऱ्हायला असता मला."